सही करावी की थांबावे?

गेल्या जून महिन्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास, नुकत्याच बारावी झालेल्या आपल्या एका छात्राचा मला फोन आला. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

"सर, एनडीएच्या गुणवत्ता यादीत नाव आहे, पण बरंच खाली. जॉइनिंगचं पत्र येईल की नाही, कुणीच सांगू शकत नाही. इकडे एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली आहे. शुल्क भरायची मुदत सोमवारी संपते. भरलं आणि पत्र आलं, तर त्यातले बरेचसे पैसे परत मिळणार नाहीत. बाबांची बचत आहे ती. भरू की थांबू?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. "उद्या संध्याकाळी बोलू," म्हणालो. कारण काही वर्षांपूर्वी असाच प्रश्न दुसऱ्या एका छात्राने विचारला होता आणि मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले होते. त्या उत्तराविषयी शेवटी सांगेन. त्या रात्री मात्र माझ्या डोक्यात आला तो बेसबॉल.

गणिताच्या मास्तराला बेसबॉल का आठवावा? माझा धाकटा भाऊ अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात राहतो, वॉशिंग्टन शहरापासून जवळच. २०१९ च्या उन्हाळी सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो होतो. मे महिन्याच्या अखेरीस तो मला 'वॉशिंग्टन नॅशनल्स' या तिथल्या संघाचा सामना पाहायला घेऊन गेला. खेळ मला निम्माच कळला. पण शेजारची माणसे चेंडूपेक्षा करारांवरच जास्त बोलत होती : कोणाला किती वर्षांसाठी घेतले, कोणाला जाऊ दिले, कोणासाठी अजून थांबायला हवे होते. घरी परतताना भावाला म्हणालो, "अरे, हे तर गणित आहे." तो हसून म्हणाला, "दादा, गणित असतं तर सगळ्यांचं उत्तर एकच आलं असतं."

त्या वाक्याने मला पुढची अनेक वर्षे कामाला लावले. त्यातून जे समजले ते या पानावर मांडतो.

लिलाव नसलेला बाजार

आपल्याला खेळाडूंचा बाजार माहीत आहे तो आयपीएलचा. तिथे लिलावाचा दिवस ठरलेला, प्रत्येक संघाची थैली ठरलेली, हातोडा पडला की विषय संपला. नोव्हेंबर २०२४ मधल्या लिलावात ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लागली, तो निर्णय काही मिनिटांत झाला.

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो. तिथे मुक्त खेळाडूंचा लिलाव होत नाही. ज्याचा करार संपला आहे आणि ज्याची सेवा पुरेशी झाली आहे तो 'फ्री एजंट' होतो, म्हणजे कोणत्याही संघाशी बोलणी करायला मोकळा. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला अंतिम मालिका संपते आणि हा बाजार उघडतो. सरावशिबिरे फेब्रुवारीत सुरू होतात, मोसम मार्चच्या अखेरीस. मधल्या काळात सही कधीही करता येते. बाजार बंद होण्याची अशी तारीखच नाही.

तारीख नसली की प्रत्येक दिवस हाच एक निर्णय होतो. आज सही केली तर उद्याची मोठी बोली हुकू शकते. नाही केली तर आजची बोली उद्या राहीलच असे नाही. संघाचेही तसेच. आवडता खेळाडू महाग आहे म्हणून थांबावे, तर दुसरा संघ त्याला उचलतो. घाईने घ्यावे, तर जानेवारीत तसाच खेळाडू निम्म्या पैशांत मिळताना पाहावे लागते.

सहा वर्षांची अट कुठून आली?

हे स्वातंत्र्य खेळाडूंना सहज मिळालेले नाही. पूर्वीच्या नियमानुसार करार संपला तरी खेळाडूवर संघाचाच हक्क राहत असे. संघ ठेवील तर राहायचे, पाठवील तिथे जायचे. १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स या संघाने कर्ट फ्लड या आपल्या नामवंत खेळाडूला फिलाडेल्फियाच्या संघाकडे देऊन टाकले. फ्लडने जायला नकार दिला आणि तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला. फ्लडची कारकीर्द त्यात संपली. पण वाट मोकळी व्हायला सुरुवात झाली होती. २३ डिसेंबर १९७५ रोजी पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने निर्णय दिला : कराराविना एक मोसम खेळून झाल्यावर संघाचा हक्क संपतो.

आता सगळेच खेळाडू दरवर्षी मोकळे होणार, या भीतीने मालक हादरले. ओकलंड संघाचे मालक चार्ली फिन्ली यांनी मात्र उलटे सुचवले, होऊ द्या सगळ्यांना मोकळे! खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांना खरी धास्ती याच सूचनेची होती. बाजारात एकाच वेळी शेकडो खेळाडू आले तर भाव कोसळणार, हे त्यांनी ओळखले होते. दरवर्षी थोडेच खेळाडू मोकळे झाले आणि मागणारे संघ जास्त राहिले, तर भाव चढा राहील. म्हणून १९७६ च्या समझोत्यात सहा वर्षांच्या सेवेनंतर मुक्तता अशी अट आली, ती आजही आहे. अकरावीच्या अर्थशास्त्रातला मागणी-पुरवठ्याचा धडा याहून चांगल्या उदाहरणाने शिकवता येणार नाही.

या अटीत एकेका दिवसाला किंमत आहे. सेवेचे एक वर्ष म्हणजे १७२ दिवस. २०१५ मध्ये शिकागो कब्स संघाने क्रिस ब्रायंट या तरुण खेळाडूला मोसम सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी मुख्य संघात घेतले. त्याच्या खात्यात त्या वर्षी १७१ दिवस जमा झाले. एक दिवस कमी पडला आणि त्याची मुक्तता एक वर्ष पुढे गेली. त्याने दाद मागितली, पण २०२० मध्ये निकाल संघाच्या बाजूने लागला. जन्मतारखेच्या एका दिवसामुळे एनडीएची एक संधी कशी हुकते, हे आपल्या छात्रांना वेगळे सांगायला नको.

भूतकाळ पाहून भविष्य विकत घेणे

सहा वर्षांच्या अटीचा एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक खेळाडू चोविशी-पंचविशीत मुख्य संघात येतात, म्हणजे मोकळे होईपर्यंत ते तिशीला टेकलेले असतात. बॅटरचा बहर साधारण सव्विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षी असतो. म्हणजे संघ पाहतो ती मागच्या पाच-सहा वर्षांची कामगिरी, आणि विकत घेतो ती पुढची सात वर्षे, जी उताराची असण्याचीच शक्यता जास्त. पिचरच्या बाबतीत यात खांद्याच्या आणि कोपराच्या दुखापतींचा धोका मिळवा.

मग संघ इतकी वर्षे का देतात? कारण खेळाडूला वर्षे हवी असतात आणि दुसरा संघ ती द्यायला तयार असतो. पहिल्या तीन-चार वर्षांच्या चांगल्या खेळासाठी शेवटच्या तीन-चार वर्षांचा तोटा पत्करायचा, असा हा सौदा आहे.

यात हिशेबाचीही एक गोम आहे. बेसबॉलमध्ये आयपीएलसारखी पक्की थैली नाही. पगारांची एकूण बेरीज ठराविक मर्यादेवर गेली तर संघाला कर भरावा लागतो, आणि सलग वर्षे मर्यादा ओलांडली तर कराचा दर वाढत जातो. हा कर मोजताना कराराची वार्षिक सरासरी धरतात. त्यामुळे तीच रक्कम जास्त वर्षांवर पसरली की सरासरी खाली येते. २०१९ मध्ये ब्राइस हार्परला फिलाडेल्फिया फिलीज संघाने १३ वर्षांसाठी ३३ कोटी डॉलर दिले. सरासरी पडली वर्षाला सुमारे अडीच कोटी. करार संपेल तेव्हा हार्पर एकोणचाळीस वर्षांचा होत असेल. त्या वयात तो कसा खेळेल याची फिलीजना कल्पना नसेल असे नाही. त्यांनी शेवटच्या वर्षांचा तोटा आधीच हिशेबात धरला.

दुसरी गोम म्हणजे पैसे पुढे ढकलणे. दहा वर्षांनी मिळणारे १०० रुपये ५ टक्के चक्रवाढ दराने आजच्या सुमारे ६१ रुपयांइतकेच असतात. म्हणून कराराचा मथळ्यातला आकडा पाहून भुलू नये, पैसे केव्हा मिळणार ते पाहावे. शोहेई ओहतानीचा लॉस एंजेलिस डॉजर्सशी डिसेंबर २०२३ मध्ये झालेला करार ७० कोटी डॉलरचा म्हणून गाजला. पण त्यातले ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात मिळायचे आहेत. करासाठी तो करार वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाखांचाच धरला जातो. चक्रवाढ व्याज पुढे काय कामाला येणार, असे विचारणाऱ्या नववीच्या वर्गाला मी हल्ली हेच गणित घालतो.

थांबण्याची किंमत

मी भावाकडे होतो तेव्हाच, जूनच्या पहिल्या आठवड्यात, दोन बातम्या आल्या. डॅलस कायकल आणि क्रेग किंब्रेल हे दोन नामांकित पिचर मोसम सुरू होऊन दोन महिने झाले तरी घरी बसून होते. दोघांनाही जुन्या संघांनी आदल्या नोव्हेंबरमध्ये एका वर्षासाठी १ कोटी ७९ लाख डॉलर देऊ केले होते. या प्रस्तावाचा नियम असा, की खेळाडूने तो नाकारला, तर त्याला घेणाऱ्या नव्या संघाला जूनमधल्या ड्राफ्टमधली, म्हणजे नवोदित खेळाडू निवडण्याच्या फेरीतली, आपली एक निवड गमवावी लागे. दोघांनी प्रस्ताव नाकारला. बाजारात याहून मोठा आणि लांबचा करार मिळेल ही आशा होती.

हिवाळा गेला, सरावशिबिरे झाली, मोसम सुरू झाला. नवोदितांची निवड गमवायला संघ तयार नव्हते. ड्राफ्ट पार पडला, ती अट आपोआप गळून पडली आणि लगेच दोघांना संघ मिळाले. कायकलला अटलांटाने उरलेल्या मोसमासाठी १ कोटी ३० लाख दिले, नाकारलेल्या रकमेपेक्षा कमी. किंब्रेलला शिकागो कब्सने तीन वर्षांसाठी ४ कोटी ३० लाख दिले. एकूण रक्कम मोठी, पण तयारीविना उतरलेल्या किंब्रेलचा तो मोसम वाईट गेला. कायकलने मात्र बऱ्यापैकी खेळ केला आणि पुढच्या डिसेंबरमध्ये न रेंगाळता शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाशी तीन वर्षांचा करार केला.

यात एक मुद्दा ध्यानात घेण्याजोगा आहे. संघांचे थांबणे आणि खेळाडूंचे थांबणे सारखे नव्हते. संघ थांबले, कारण ठराविक तारखेनंतर त्यांचा खर्च नक्की कमी होणार होता. खेळाडू थांबले ते कोणीतरी विचार बदलेल या आशेवर. पहिल्याला वाट पाहणे म्हणता येईल. दुसरे नुसते बसून राहणे होते.

२०२४ मध्ये हाच प्रकार निराळ्या रूपात दिसला. ब्लेक स्नेल हा नुकताच नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला होता. जॉर्डन माँटगोमेरीने आदल्या वर्षी टेक्सास रेंजर्सला विजेतेपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला होता. दोघांचा प्रतिनिधी एकच, स्कॉट बोरास. सही लांबवून भाव वाढवण्याबद्दल तो प्रसिद्ध आहे. दोघेही मार्चपर्यंत थांबले, दोघांचेही सरावशिबिर बुडाले, दोघांनाही हवा होता तसा लांबचा करार मिळाला नाही. स्नेलने सॅन फ्रान्सिस्कोशी दोन वर्षांचा ६ कोटी २० लाखांचा करार केला, पण एका वर्षानंतर बाहेर पडण्याची मुभा ठेवून. माँटगोमेरीने ॲरिझोनाशी एका वर्षाचा अडीच कोटींचा करार केला, दुसऱ्या वर्षाचा निर्णय स्वतःच्या हातात ठेवून.

सुरुवात दोघांचीही वाईट झाली. पण स्नेल सावरला. ऑगस्टमध्ये त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता पूर्ण सामना टाकला, आणि मोसम संपल्यावर नोव्हेंबरमध्येच डॉजर्सशी पाच वर्षांसाठी १८ कोटी २० लाखांची सही करून मोकळा झाला. माँटगोमेरीचा मोसम सावरलाच नाही आणि पुढच्या वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. दोघांचे थांबणे सारखेच, फळ मात्र वेगळे. तरी दोघांनी एक गोष्ट शहाणपणाने केली होती : मनासारखे मिळत नाही म्हटल्यावर छोटा करार घेतला आणि दार उघडे ठेवले.

एका संघाची चार उत्तरे

आता पुन्हा वॉशिंग्टनकडे. या संघाच्या गोष्टीमुळेच मला भावाच्या त्या वाक्याचा अर्थ कळला.

जानेवारी २०१५ मध्ये नॅशनल्सने मॅक्स शेर्झर या तीस वर्षांच्या पिचरला सात वर्षांसाठी २१ कोटी डॉलर दिले. वर केलेल्या सगळ्या चर्चेनुसार हा धोक्याचा सौदा. प्रत्यक्षात तो अलीकडच्या काळातल्या उत्तम करारांपैकी एक ठरला. वॉशिंग्टनकडून खेळताना शेर्झर २०१६ आणि २०१७ असा लागोपाठ दोनदा लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला.

२०१८ च्या शरदात ब्राइस हार्पर मोकळा होणार होता. तो एकोणिसाव्या वर्षीच मुख्य संघात आला होता, त्यामुळे सव्विसाव्या वर्षीच बाजारात उतरला, ही दुर्मीळ गोष्ट. नॅशनल्सने त्याला दहा वर्षांसाठी ३० कोटी देऊ केले, पण त्यातली मोठी रक्कम पुढे ढकललेली होती. त्याने नाही म्हटले. संघ हार्परसाठी ताटकळत बसला नाही. डिसेंबरमध्येच पॅट्रिक कॉर्बिन या पिचरला सहा वर्षांसाठी १४ कोटी देऊन ते मोकळे झाले. हार्परची सही व्हायला फेब्रुवारीचा शेवट उजाडला.

मी सामना पाहिला त्या दिवसांत संघाची अवस्था दयनीय होती. २३ मेपर्यंत झालेल्या ५० सामन्यांत १९ विजय आणि ३१ पराभव. माझ्या शेजारी बसलेले आजोबा हार्परच्या नावाने सुस्कारे टाकत होते. त्या दिवशी कोणीही सांगितले असते, की संघ चुकला.

पाच महिन्यांनी तोच संघ विजेता झाला. ३० ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्ये झालेल्या सातव्या आणि शेवटच्या सामन्यात सुरुवात केली शेर्झरने, आणि नंतर येऊन तीन डाव एकही धाव न देता टाकणारा, विजयाचा मानकरी ठरलेला पिचर होता कॉर्बिन. इकडे आपल्याकडे सकाळची वेळ होती. भावाचा फोन आला तेव्हा मी वर्गावर निघालो होतो. "दादा, आता सांग, कोण चुकलं?" मला उत्तर सुचले नाही.

गोष्ट इथे संपत नाही. त्याच मोसमानंतर संघाचे दोन आधारस्तंभ मोकळे झाले : एकतीस वर्षांचा पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग आणि एकोणतीस वर्षांचा बॅटर अँथनी रेंडन. दोघांपैकी एकालाच ठेवणे परवडेल, असे मालकांनी उघडपणे सांगितले. त्यांनी अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या स्ट्रासबर्गला निवडले : सात वर्षे, साडेचोवीस कोटी डॉलर. त्यानंतर दोन दिवसांतच रेंडनचे लॉस एंजेलिस एंजल्सशी ठरले : सात वर्षे, साडेचोवीस कोटी डॉलर. आकडा तोच, वर्षे तीच.

त्या करारानंतर स्ट्रासबर्ग उण्यापुऱ्या आठ सामन्यांत खेळला. दुखापतींनी त्याचा हात निकामी केला आणि २०२४ मध्ये तो अधिकृतपणे निवृत्त झाला. संघ चुकला, रेंडनला ठेवायला हवे होते, असे म्हणावे, तर रेंडन एंजल्सकडून एकाही मोसमात ६० सामनेसुद्धा खेळू शकला नाही. कॉर्बिनही २०२१ आणि २०२२ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक पराभव पत्करणारा पिचर ठरला. आणि हार्पर? तो फिलीजकडून २०२१ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

जुआन सोटोची गोष्ट याच्या पुढची. नॅशनल्सने २०२२ मध्ये या तेवीस वर्षांच्या बॅटरला १५ वर्षांसाठी ४४ कोटी देऊ केले. त्याने नकार दिला. संघाने मग तो मोकळा होण्याची वाट न पाहता, दोन वर्षांहून अधिक काळ हातात असतानाच, त्याला सॅन डिएगोला देऊन बदल्यात उमेदीच्या तरुण खेळाडूंचा गट घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये सोटोने न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांसाठी साडेशहात्तर कोटींची सही केली. इथे थांबणाऱ्याचे थांबणे फळले. पण त्याला पाठबळ होते वयाचे. तेविसाव्या वर्षी दोन वर्षे थांबणे आणि एकोणतिसाव्या वर्षी थांबणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

निर्णय आणि निकाल

आता पाहा. शेर्झर आणि स्ट्रासबर्ग : संघ एकच, दोघेही पिचर, दोघेही तिशीतले, दोघांनाही सात वर्षे. एक करार सोन्याचा ठरला, दुसरा मातीमोल. निकालावरूनच निर्णय तपासायचा, तर पहिल्या वेळी शहाणी असलेली माणसे दुसऱ्या वेळी मूर्ख झाली असे म्हणावे लागेल. ती माणसे तीच होती. सही करताना कोणाचा खांदा टिकेल, हे कोणालाही ठाऊक नव्हते.

म्हणजे निर्णय चांगला की वाईट हे ठरवता येतच नाही का? येते. फक्त सही करण्याच्या दिवशी काय माहीत होते, काय विचारता येण्याजोगे होते आणि विचारले का, यावरून ठरवावे लागते. आपले प्रशिक्षक सरावमोहिमेनंतर हेच करतात. टेकडी मिळाली की नाही याच्याबरोबरच, टेहळणी केली होती का आणि राखीव तुकडी ठेवली होती का, हेही विचारतात. टेहळणी न करता मिळवलेल्या टेकडीला ते गुण देत नाहीत.

इथे मला माझ्या जुन्या उत्तराकडे यावे लागते. २०१८ मध्ये एका छात्राने मला हाच प्रश्न विचारला होता. मी म्हणालो होतो, "थांब. सैनिकी शाळेचा विद्यार्थी तू, आत्ताच माघार घेतोस?" तो थांबला. पत्र आले नाही. महाविद्यालयातली जागा गेली आणि त्याचे एक वर्ष वाया गेले. पुढच्या वर्षी त्याने अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. त्याने मला कधी दोष दिला नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागते.

बरीच वर्षे मला वाटत होते, की पत्र आले नाही म्हणून माझा सल्ला चुकला. आता वाटते, पत्र आले असते तरीही तो सल्ला चुकीचाच होता. कारण मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. शुल्क किती, त्यातले परत किती मिळणार, घरची स्थिती काय, वर्ष वाया गेले तर वय किती होईल, यातले काहीच मला माहीत नव्हते. मी अभिमानाच्या जोरावर उत्तर दिले होते, आणि किंमत भरणारा मी नव्हतो.

म्हणून गेल्या जूनमध्ये, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी त्या छात्राला आणि त्याच्या वडिलांना फोनवर एकत्र घेतले आणि तीन प्रश्न विचारले.

पहिला : ही मुदत खरी आहे का? महाविद्यालयात विचारून पाहिले, तेव्हा ती खरीच होती. सोमवारनंतर जागा दुसऱ्याला जाणार होती.

दुसरा : सोमवारपर्यंत थांबून आज माहीत नसलेले काही नवे कळणार आहे का? नाही. पत्राचा निकाल लागायला अजून काही आठवडे होते. म्हणजे हे थांबणे कायकलसारखे होते, संघांसारखे नव्हते.

तिसरा : निकाल उलटा लागला तर कोणता तोटा सोसता येईल? शुल्क भरले आणि पत्र आले, तर पैसे जातील. शुल्क भरले नाही आणि पत्रही आले नाही, तर वर्ष जाईल. या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकत नव्हतो. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, पैसे मी दोन वर्षांत परत उभे करीन. वर्ष मला उभं करता येणार नाही."

सोमवारी सकाळी त्यांनी शुल्क भरले. तीन आठवड्यांनी पत्र आले. मुलगा आता खडकवासल्याला आहे. भरलेल्या पैशांतला मोठा भाग परत मिळाला नाही.

काही पालक म्हणतील, मग ते पैसे फुकटच गेले. मीही वडिलांना तसे भीत भीत विचारले. ते म्हणाले, "ते तीन आठवडे घरात सगळ्यांना झोप लागली, गुरुजी. त्याचे पैसे भरले म्हणायचे."

छात्रांनो, पुढच्या काही महिन्यांत तुमच्यापैकी अनेकांवर ही वेळ येईल. माझ्याकडे या. भरा किंवा थांबा, असे एका शब्दाचे उत्तर मी देणार नाही, याबद्दल आधीच क्षमा मागतो. कागद-पेन्सिल घेऊन या, घरच्यांनाही फोनवर घ्या. आपण आधी हे तीन प्रश्न सोडवू.